किंमत शंभर धरा, मग बोलू

नव्याने मालमत्तेत पैसे घालायला निघालेली माणसं एकत्र जमली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "भाव कुठे वाढतील?" मी भाड्याने दिलेल्या मिळकतींचे हिशेब ठेवते, त्यामुळे अशा बैठकांना मला बोलावणं येतं, आणि मी तिथे दुसराच प्रश्न पुढे ठेवते. घर सहा महिने रिकामं राहिलं, त्याच काळात व्याजदर एक टक्क्याने चढला आणि वर बाथरूमची गळती निघाली, तर ते घर न विकता धरून ठेवायची तुमची ऐपत आहे का?

हा प्रश्न आवडत नाही लोकांना. उत्साहाने आलेल्या माणसासमोर गळती आणि रिकामं घर मांडणं मलाही सोपं जात नाही. पण माझ्यासमोरून ज्या तोट्याच्या वह्या गेल्या, त्यांतल्या बहुतेक घरांमध्ये तसा काही दोष नव्हता. जागा बरी होती, बांधकाम बरं होतं. मालकाला ती नको त्या वेळी विकावी लागली, एवढंच. हप्ते थकायला लागले, घरातलं कोणी आजारी पडलं, नोकरी गेली, आणि गिऱ्हाईक देईल त्या भावाला हात धुवावे लागले.

आकडे मांडताना मी घराची किंमत नेहमी १०० धरते. खरी रक्कम बोलली की चर्चा लगेच कोणाचं घर मोठं आणि कोणाची ऐपत किती यावर घसरते. १०० धरलं की सगळे एकाच कागदावर येतात.

तर घर १०० चं. मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली, वकील मिळून समजा ७. रंग, विजेचं काम, स्वयंपाकघरातली दुरुस्ती असं करून घर भाड्याने देण्याजोगं करायला ३. म्हणजे घर पडलं ११० ला. नवखा माणूस हे १० विसरतो असं नाही, पण "एकदाचा खर्च" म्हणून बाजूला ठेवतो, आणि बाजूला ठेवलेला आकडा पुढच्या कुठल्याच हिशेबात परत येत नाही. बँकेने ८० दिले. तुमच्या खिशातून गेले ३०.

आता भाडं. वर्षाला ५ येईल असं दलालाने सांगितलं. बारापैकी एक महिना घर रिकामं राहील असं धरा, कारण एक भाडेकरू जातो आणि दुसरा येतो त्यात तेवढे दिवस जातातच. उरले ४.५८. त्यातून मालमत्ता कर आणि इमारतीचा देखभाल खर्च ०.६, विमा ०.०५, आणि वर्षभरातल्या दुरुस्त्या ०.४५. हातात राहिले जेमतेम ३.४८. ही रक्कम ११० वर मोजायची, १०० वर नाही. परतावा आला ३.२ टक्के. आयकर मी यात धरलेलाच नाही, तो प्रत्येकाचा वेगळा.

आणि कर्ज? ८० चं कर्ज, ९ टक्के व्याज, २० वर्षांची मुदत. महिन्याचा हप्ता ०.७२, वर्षाला ८.६४. भाड्यातून आले ३.४८. म्हणजे वर्षाला सुमारे ५.१६ तुम्ही पगारातून किंवा धंद्यातून घालणार. "भाड्यातून हप्ता फिटतो" हे वाक्य प्रत्येक बैठकीत कोणी ना कोणी म्हणतंच. मी त्यांना कागद देते आणि एवढंच सांगते की हे सगळं स्वतःच्या हाताने लिहा. दुसऱ्याने मांडलेला हिशेब पटत नाही, स्वतः मांडलेला नाकारता येत नाही.

इथे कोणीतरी म्हणतं, "पण ताई, भाव वाढतात ना! वर्षात दहा टक्के वाढले तर?"

तेही मांडू. वर्षभराने घर ११० ला विकलं. विकताना दलाली आणि किरकोळ खर्च २. वर्षभर हप्ते भरूनही मुद्दल फक्त १.५ कमी झालं आहे, त्यामुळे बँकेचे ७८.५ द्यायचे. हातात आले २९.५. तुम्ही घातले होते ३०, शिवाय वर्षभरात वरून घातलेले ५.१६. भाव दहा टक्के वाढूनही साडेपाचाहून जास्त तोटा. आणि तोच भाव दहा टक्के पडला असता तर हातात येणार होते ९.५.

हा हिशेब पहिल्यांदा पाहिल्यावर खोलीत शांतता पसरते, आणि मग लोक माझ्याकडे मीच काही लबाडी केल्यासारखं बघतात. आकडे तपासा म्हणते मी. मुद्दल फक्त १.५ कसं कमी झालं, हाच प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि तो यावा अशी माझी इच्छाच असते. पहिल्या महिन्याचं व्याज ८० वर ९ टक्के म्हणजे महिन्याचे ०.६०. हप्ता ०.७२. मुद्दलात गेले ०.१२. पहिली कित्येक वर्षं हेच चालतं. वीस वर्षांच्या या कर्जातलं निम्मं मुद्दल फिटायला १४ वर्षं लागतात! उरलेलं निम्मं मग सहा वर्षांत फिटतं. "पाच वर्षांत विकून मोकळा होईन" असं ठरवून उतरलेल्या माणसाने ही गोष्ट सगळ्यात आधी समजून घ्यायला हवी. पाच वर्षांत तो ४३ भरतो आणि कर्ज उतरतं फक्त ९ ने.

मग पाच वर्षांनी विकताना किती भाव आला म्हणजे निदान घातलेले पैसे तरी परत येतील? सुरुवातीचे ३०, दरवर्षीचे ५.१६ म्हणजे पाच वर्षांचे २५.८, बँकेचे उरलेले ७१ आणि विक्रीचा खर्च २. बेरीज येते १२८.८. म्हणजे भाव दरवर्षी ५.२ टक्क्यांनी, न चुकता, पाच वर्षं वाढायला हवा, आणि तेव्हा कुठे तुम्ही ना नफा ना तोटा या रेघेवर उभे राहाल. दरम्यानच्या काळात त्या पैशांवर एक पैही व्याज मिळालेलं नसेल. भाडं आणि खर्च दोन्ही दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढवून पाहिले तर परिस्थिती थोडी सुधारते. ५.२ च्या जागी ४.९ टक्के येतात. थोडीच.

व्याजदराचं प्रकरण याहून नाजूक आहे. बदलत्या दराचं कर्ज असेल तर दर वाढल्यावर बँका बऱ्याचदा हप्ता तोच ठेवतात आणि मुदत लांबवतात. कर्जदाराला हप्त्यात फरक दिसत नाही, म्हणून तो निर्धास्त राहतो. आपल्याच कर्जावर बघा: सुरुवातीलाच ९ चे १० टक्के झाले आणि हप्ता तोच राहिला, तर २४० महिन्यांचं कर्ज ३१४ महिन्यांवर जातं. एका टक्क्याने सहा वर्षं वाढली. ११ टक्के झाले तर महिन्याचं व्याजच ०.७३ होतं आणि हप्ता आहे ०.७२. म्हणजे हप्ता भरूनही कर्ज वाढत जाणार, ते कधी फिटणारच नाही. अशा वेळी बँक हप्ता वाढवायला सांगते, आणि नेमक्या त्याच महिन्यात भाडेकरूने घर सोडायची नोटीस दिलेली असते, असं मी एकापेक्षा जास्त वह्यांमध्ये पाहिलं आहे. यात योगायोग कमी असतो. व्याजदर चढतात तेव्हा सगळ्यांचीच ओढाताण चालू असते, भाडेकरूचीही.

म्हणून मी म्हणते की ३० मध्ये ५ अजून धरा. महिन्याचा हप्ता ०.७२ आणि घराचा खर्च सुमारे ०.०९, म्हणजे एकही पैसा भाडं न येता सहा महिने काढायला ४.९ लागतात. हे ५ वेगळ्या खात्यात, हात न लावता. घर १०० चं असेल तर तुमच्याकडे ३५ हवेत. ३० असताना घेतलेलं घर महाग पडायची शक्यता फार.

यावर एक फार चांगला प्रश्न आला होता, तो इथे लिहायलाच हवा. एका मुलीने विचारलं, "हे ५ नुसते पडून ठेवण्यापेक्षा कर्जात भरले तर?" तिने गणितही करून आणलं होतं. कर्जाच्या सुरुवातीलाच ५ जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला तर मुदत ३६ महिन्यांनी कमी होते, म्हणजे शेवटचे जवळजवळ २६ वाचतात. गणित बिनचूक होतं. माझं उत्तर तरीही "आधी शिल्लक, मग परतफेड" असंच होतं. कर्जात भरलेले पैसे अडचणीच्या महिन्यात बँक सहजासहजी परत देत नाही, आणि नोकरी गेलेल्या माणसाला तर नवीन कर्जही देत नाही. शिल्लक पूर्ण झाल्यावर जो जादा पैसा येईल तो खुशाल मुद्दलात भरावा, आणि पहिल्या वर्षांतच भरावा, कारण तेव्हाच त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. त्या मुलीचं मला फार कौतुक वाटलं. एवढ्या तयारीने आलेलं माणूस अशा बैठकीत विरळाच.

आता भावाबद्दल. जमीन नव्याने तयार होत नाही, म्हणून भाव वाढतच राहणार, हे लोक इतक्या खात्रीने सांगतात की खोडून काढायला संकोच वाटतो. पण जमीन तेवढीच राहिली तरी तिच्यावर बांधायची जागा वाढते. चार मजल्यांच्या जागी चौदा येतात, शहर बाहेर पसरतं, नवा रस्ता झाला की कालपर्यंत लांब वाटणारं गाव जवळ येतं. जपानमध्ये जमीन थोडी आणि माणसं दाटीने राहणारी, तरी तिथल्या मोठ्या शहरांतल्या जमिनीच्या भावांनी १९९१ च्या सुमारास शिखर गाठलं आणि मग दहा वर्षांहून जास्त काळ ते उतरतच राहिले. अमेरिकेत २००६ ला शिखरावर असलेले घरांचे भाव २०१२ पर्यंत देशभराच्या सरासरीने पाव हिश्श्याहून जास्त घसरले होते. त्या सहा वर्षांत ज्यांना हप्ते भरता आले त्यांची घरं राहिली, आणि पुढे भाव परतही आले. ज्यांना भरता आले नाहीत त्यांची घरं बँकांनी विकली, तीही तळाच्या भावाला. घर तेच, गल्ली तीच. फरक होता महिन्याच्या हप्त्याचा.

फार लांबचं बघायचं असेल तर अॅमस्टरडॅममधल्या हेरेनग्राख्त या कालव्याकाठच्या घरांचं उदाहरण आहे. पीट आयखहोल्ट्झ नावाच्या अर्थतज्ज्ञाने १६२८ ते १९७३ एवढ्या काळातले तिथले खरेदी-विक्रीचे व्यवहार जुळवून भावांचा निर्देशांक तयार केला. शहरातली अतिशय नावाजलेली वस्ती, तीच घरं, साडेतीनशे वर्षांचा काळ. महागाई वजा केल्यावर भाव या सगळ्या काळात साधारण दुप्पट झाले. वर्षाला ०.२ टक्के! मधे तेजीही आल्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या न भरून निघणारी मंदीही.

मग घरात पैसा घालणारे सगळेच वेडे होते का? मुळीच नाही. १६ प्रगत देशांतली १८७० ते २०१५ ची आकडेवारी एकत्र करून काही अर्थतज्ज्ञांनी २०१९ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात राहत्या घरांचा दीर्घकाळातला परतावा शेअर्सच्या बरोबरीने आलेला दिसतो, चढउतारही कमी. पण त्या परताव्यातला मोठा वाटा भाड्याचा आहे, भाववाढीचा नाही. मी हा मुद्दा पुन्हापुन्हा सांगते कारण नवी मंडळी नेमकं उलटं करतात. भावावर दोन तास बोलतात आणि भाड्यावर दोन मिनिटं. भाड्याचा आकडा दलाल सांगेल तो धरतात. त्याच इमारतीतल्या तीन भाडेकरूंना जाऊन विचारा ना, ते काय देतात ते! लोक सांगतात. आपण किती भाडं देतो यावर बोलायला भाडेकरू नेहमी तयार असतो, आणि बोलता बोलता पाण्याचं, लिफ्टचं, शेजाऱ्यांचंही सांगून टाकतो.

दुरुस्तीचे ०.४५ मी कुठून आणले, असंही विचारतात. एका वहीतलं एक पान सांगते. घर नवं म्हणावं असंच होतं, मालक सज्जन, भाडेकरूही बरा. वर्षाच्या सुरुवातीला नळाचा वॉशर आणि सिंकखालचा पाइप, किरकोळ. मग खालच्या मजल्यावरून तक्रार आली की छताला ओल दिसते. प्लंबर आला, त्याने फरशीच्या सांध्यांत पांढरं सिमेंट भरलं आणि गेला. ओल तशीच. दुसरा आला, त्याने सांगितलं की संडासाच्या भांड्यामागचा सांधा गेलाय, फरशी काढावी लागेल. फरशी काढली, जलरोधक थर पुन्हा दिला, पाणी साठवून दोन दिवस ठेवून पाहिलं, मग नवी फरशी, कारण जुन्या रंगाची मिळेना. शेवटी खालच्या घराचं छत रंगवून देणं आलंच. भाडेकरूने त्या पंधरवड्याचं भाडं वजा करून मागितलं, आणि त्याचं काही चुकलं नाही. त्या एका गळतीत जवळपास तीन वर्षांची दुरुस्तीची तरतूद गेली. पुढची दोन वर्षं त्या घराला काहीच झालं नाही. सरासरी अशीच निघते, दर महिन्याला थोडी थोडी नाही.

म्हणून घर बघायला जाल तेव्हा हॉलमधल्या उजेडाचं कौतुक नंतर करा, आधी बाथरूमच्या मागची भिंत बघा, म्हणजे बाथरूम ज्या खोलीला चिकटून आहे त्या खोलीच्या बाजूने. कपाट सरकवायला सांगा. तळाशी फुगलेला रंग, पांढरी पूड, स्कर्टिंगजवळचा गडद पट्टा दिसतो का ते बघा. घर विकायच्या आधी नुकताच एकाच भिंतीला रंग दिलेला असेल तर का दिला ते विचारा. सगळे नळ एकदम सोडा आणि फ्लश करा, दाब किती उतरतो ते कळेल. जमलं तर पावसात जा. शेवटचा मजला असेल तर गच्चीवर जाऊन पाणी कुठे साठतं ते डोळ्यांनी बघा. आणि खालच्या मजल्यावर बेल वाजवायला लाजू नका, छत त्यांचं आणि पाइप तुमचे, त्यांना सगळं ठाऊक असतं.

बांधकाम चालू असलेल्या घराबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यात हिशेब अगदी सरळ आहे. हप्ता किंवा व्याज आजपासून, भाडं ताबा मिळाल्यावर. ताबा जितका लांबेल तितकं तुमचं ११० वाढत जाणार. स्वस्तात मिळतंय म्हणून घेणार असाल तर ताबा दोन वर्षं उशिरा आला असं धरून एकदा मांडून बघा. बरेच जण ते मांडल्यावर माघार घेतात.

कागदपत्रांचं काम माझं नाही, ते वकिलाचं. पण एक गैरसमज इतका पसरलेला आहे की सांगितल्यावाचून राहवत नाही. "नोंदणी झाली म्हणजे मालकी पक्की" असं सगळ्यांना वाटतं. काही देशांत तशी व्यवस्था खरोखरच आहे. १८५८ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टोरेन्स यांच्या पुढाकाराने असा कायदा आला की सरकारी नोंदवहीत ज्याचं नाव, तोच मालक, आणि त्याची हमी सरकारची. पण अनेक ठिकाणी नोंदणी कार्यालय फक्त दस्त नोंदवून घेतं. विकणाऱ्याला विकायचा हक्क होता की नाही, हे तपासणं घेणाऱ्यावर असतं. आपण जिथे घेतोय तिथे कुठली पद्धत आहे हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा. आणि वकील तुमचा हवा, विकणाऱ्याने किंवा बँकेने सुचवलेला नको. बँकेचा वकील बँकेच्या ८० ची काळजी घेतो. तुमच्या ३० ची घ्यायला कोणी नसतं.

तीन मित्रांनी मिळून घ्यायचं, हा विचारही हल्ली बराच ऐकू येतो. वाईट नाही. पण एकत्र घ्यायचं ठरलं की पहिल्या दिवशी लिहून काढा: एकाला बाहेर पडायचं असेल तर त्याच्या हिश्श्याची किंमत कोण ठरवणार, बाकीच्यांना ती द्यायला किती मुदत, एकाने हप्ता चुकवला तर बाकीच्यांनी भरलेल्या पैशांचं काय, आणि एकाचं बरंवाईट झालं तर त्याच्या वारसांशी व्यवहार कसा. मैत्री आहे, लिहायचं कशाला, असं म्हणतात. एका वहीत तीन भागीदार आहेत, त्यांतल्या एकाला मुलीच्या शिक्षणासाठी पैसे हवे होते आणि दुसऱ्याच्या मते भाव पडलेला होता. दोघांचंही म्हणणं रास्त. लिहिलेलं काहीच नव्हतं. ते घर अजून विकलेलं नाही, आणि त्या दोघांची पत्रं मी एकाकडून दुसऱ्याकडे पोचवते, कारण ते बोलत नाहीत.

ज्यांच्याकडे ३५ नाहीत आणि लवकर होणारही नाहीत, त्यांनी मन मारून बसायची गरज नाही. रीट्स आहेत. १९६० मध्ये अमेरिकेने कायदा करून हा प्रकार सुरू केला, आता अनेक देशांत आहे. पुष्कळ लोकांचे पैसे एकत्र करून कार्यालयं, गोदामं, दुकानं घ्यायची आणि भाड्याचा मोठा हिस्सा गुंतवणूकदारांत वाटायचा. अमेरिकेच्या कायद्यात करपात्र उत्पन्नाचा किमान ९० टक्के भाग वाटावाच लागतो. यात गळती तुम्हाला निस्तरावी लागत नाही आणि हिस्सा बाजारात विकता येतो. त्याचा भाव मात्र शेअरसारखा रोज हलतो, आणि ते बघवत नसेल तर तोही आपला प्रकार नाही हे वेळीच ओळखावं.

आणि चर्चेत कोणाचं ऐकायचं? ज्याने घर विकून पैसे मोजले आहेत, त्याचं. "माझं घर आता दुप्पट झालंय" असं म्हणणाऱ्याने अजून काहीच मोजलेलं नसतं. त्याला अडवू नका, पण विचारा: खर्चासकट कितीला पडलं होतं, वर्षाला खिशातून किती घातले, किती महिने रिकामं होतं, किती वर्षं झाली? तोट्यात गेलेले लोक अशा बैठकांना येत नाहीत, हेही ध्यानात असू द्या. ते माझ्याकडे येतात, एकटे, आणि दार लावून घेऊन बोलतात. त्यांच्यासाठीच मी हे सगळं लिहायला बसले. त्यांतल्या कित्येकांना घर घेण्याआधी कोणी हा एक कागद मांडून दाखवला असता तर बरं झालं असतं, असं फार वाटतं.

"मग घेऊच नये का?" हा शेवटचा प्रश्न. घ्यावं की! भाडं ७ येत असेल तर बघा: एक महिना रिकामा वजा जाता ६.४, खर्च १.१, उरले ५.३. कर्ज ८० ऐवजी ४० घेतलं तर वर्षाचा हप्ता ४.३२. सगळं भागून वर १ उरतो. अशी मिळकत जाहिरातीत फारशी दिसत नाही. ती बहुधा लहान असते, जुनी असते, दिसायला साधी असते, कधी घराऐवजी छोटा गाळा असतो. शोधायला वेळ लागतो, आणि ११० तून कर्जाचे ४० वजा जाता उरलेले ७० जमवायला त्याहून जास्त.

सध्या एक नवरा-बायको अशाच एका गाळ्याच्या मागे आहेत. आधीच्या घरांचे त्यांचे कागद दरवेळी वजा यायचे. याचा पहिल्यांदाच थोडासा अधिक आला आहे, आणि भाड्याचा आकडाही त्यांनी शेजारच्या गाळेवाल्यांकडून स्वतः खात्री करून आणला आहे. विकणाऱ्याच्या बहिणीचं संमतिपत्र तेवढं वकिलाने मागितलं आहे, ते अजून आलेलं नाही. विकणारा म्हणतो आठवड्यात देतो, इसार आजच द्या. मी म्हटलं, संमतिपत्र हातात पडेपर्यंत इसार द्यायचा नाही. दोघांनी ते मान्य केलं आहे.